पत्रावळ, ताट आणि कागदी थाळी

देवस्थानाच्या समितीने वकिलास सभेला बोलावले म्हणजे जमिनीचा वाद किंवा मानापमानाचा तंटा असणार, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या ओळखीच्या एका देवस्थानाने गेल्या वर्षी आम्हांस बोलावले, ते मात्र जेवणाच्या थाळ्यांसाठी. देवळाच्या मागील उतारावर एक ओहोळ आहे. वैशाखातील समाराधनेच्या कागदी थाळ्या व वाट्या त्या उतारावर टाकल्या गेल्या. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर त्या वाहून खालच्या कुळागरात शिरल्या व पाटात अडकल्या. कुळागराच्या मालकाने समितीस पत्र लिहिले. समितीचे म्हणणे असे की, थाळ्या कागदाच्या होत्या, कायद्याने निषिद्ध नव्हत्या, मग आमचा दोष कोणता? मालकाचे म्हणणे असे की, कागदच असता तर तो एव्हाना कुजला असता.

सभेत तीन मते पडली. एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की, पूर्वीप्रमाणे पत्रावळीच घ्याव्यात. एका तरुणाने सुचविले की, पोलादी ताटे एकदाच विकत घ्यावीत, म्हणजे कचऱ्याचा प्रश्नच उरणार नाही. तेव्हा मागे बसलेल्या एका बाईंनी शांतपणे विचारले, "ताटे जरूर घ्या, पण ती धुणार कोण, हे आधी ठरवा." या प्रश्नास सभेत कोणी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. घरी आल्यावर मात्र असे वाटू लागले की, जेवून टाकून द्यावयाचे पात्र बरे की धुऊन पुन्हा वापरावयाचे, हा आपल्या समाजाचा फार जुना प्रश्न आहे व त्याचा इतिहास पाहिल्यावाचून त्याचा निवाडा करू नये.

एकदाच वापरून टाकण्याचे पात्र ही पाश्चात्त्यांची देणगी होय, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः आपल्या देशात ते फार प्राचीन आहे. सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळात टोकदार बुडाचे मातीचे पेले मोठ्या संख्येने सापडतात आणि ते एकदा पिऊन टाकून देत असावेत, असे संशोधक मानतात. पुढील काळात या वापरास धर्मविचाराचे अधिष्ठान मिळाले. स्मृतिग्रंथांत द्रव्यशुद्धीचा स्वतंत्र विचार आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तर त्या नावाचे प्रकरणच आहे. धातूचे पात्र राख, आंबट पदार्थ व पाणी यांनी शुद्ध होते. मातीच्या पात्राला उष्टे लागले की ते शुद्ध करणे कठीण, म्हणून ते टाकावे, असा त्या विचाराचा सामान्य रोख आहे. पानाचा तर प्रश्नच नव्हता. जेवण झाले की पान उचलले, जागेवर शेणगोळा फिरविला आणि सारे मोकळे झाले.

हे पानही जागोजागी निराळे असे. घाटावर पळसाची व वडाची पाने बांबूच्या चोयांनी टाचीत. कोकण-गोव्यात फणस, वड, कुंभा यांची पाने माडाच्या हिरांनी टाचीत. आणि कुळागर असेल तेथे केळीचे पान हाताशीच असे. पान हे नुसते ताट नव्हते, ते रांधण्याचेही साधन होते. हळदीच्या पानातील पातोळ्या ज्याने खाल्ल्या आहेत, त्यास हे सांगावयास नको. 'पत्रावळी आधी द्रोणा, तो जावई शहाणा' अशी म्हण आपल्यात आहे. पत्रावळ लावणे सोपे, द्रोण लावणे कठीण. ज्यास आधी द्रोण साधला त्याच्या हातास वळण आहे, असा तिचा भाव. जावयाची परीक्षा पाने टाचण्यावरून व्हावी, यावरून ही विद्या घराघरांत किती रुजलेली होती, हे दिसून येते.

परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पत्रावळ मुख्यतः समारंभाची होती, रोजची नव्हती. केळी व पळस मुबलक असलेल्या काही घरांत आणि व्रतवैकल्यांत रोज पान असे, हे खरे. तथापि सामान्य गृहस्थाच्या घरी रोजच्या जेवणास पितळेचे वा काशाचे ताट, नाहीतर मातीचे किंवा लाकडाचे भांडे असे. ताट-वाटी-तांब्या या वस्तू विकत घेऊन पिढ्यान्‌पिढ्या वापरीत, लग्नात मुलीस देत, त्यावर नावे कोरून घेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनी 'टाकाऊ की टिकाऊ' असा एकच निवाडा केला नव्हता. चार माणसे रोज जेवतात तेथे टिकाऊ आणि चारशे माणसे एक दिवस जेवतात तेथे टाकाऊ, अशी विभागणी त्यांनी अनुभवाने केली होती. आज शास्त्रज्ञ जो निकष लावतात, त्याचे बीज याच विभागणीत आहे.

धातूच्या भांड्यासही कष्ट होते. पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते. म्हणून त्यास कथिलाची कल्हई लावावी लागे. कल्हईवाला भाता घेऊन दारी येई, भांडे तापवी, नवसागर टाकी व कापसाच्या बोळ्याने कथील फिरवी. रोजची घासणी चिंच, राख व काथ्या यांनी होई. ते काम घरातील स्त्रिया वा मोलकरणी करीत आणि त्या श्रमाची नोंद कोणत्याही हिशेबाच्या वहीत झालेली नाही.

मग भांड्यांच्या जगात बदल होऊ लागला. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची रीत निघाली आणि ती धातू स्वस्त झाली; १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी तिची भांडी घडविण्यास आरंभ केला. १९१३ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद सिद्ध केले. त्यात क्रोमियमचे प्रमाण शेकडा साडेदहाहून अधिक असते. पृष्ठभागावर त्याच्या संयुगाचा अतिसूक्ष्म थर बसतो व तोच गंज थोपवितो. त्यास कल्हई नको, चिंच नको. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत हे पोलाद आपल्या स्वयंपाकघरांत शिरले आणि पितळेची ताटे मोडीत गेली. कल्हईवाल्याची हाक गल्लीतून नाहीशी झाली, ती याच काळात.

टाकाऊ पात्राचा पाश्चात्त्य इतिहास मात्र निराळ्या वाटेने आला. अमेरिकेत रेल्वेस्थानकांवर व शाळांत पाण्याच्या पिंपाजवळ सर्वांसाठी एकच पेला साखळीने बांधलेला असे. त्यातून रोग पसरतात असे दिसून आल्यावर कॅन्सस संस्थानाने १९०९ मध्ये असा सामाईक पेला ठेवण्यास बंदी केली. त्याच सुमारास लॉरेन्स लुएलेन व ह्यू मूर यांनी कागदी पेल्याचा धंदा उभारला. पुढे तो डिक्सी या नावाने प्रसिद्ध झाला. आपल्याकडे उष्ट्याच्या कल्पनेने जे घडविले, तेच तेथे जंतूंच्या भयाने घडविले. कारण निराळे, परिणाम एकच: दुसऱ्याच्या ओठाचा पेला आपल्या ओठास लागू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र हेतू बदलला. १९५५ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाने टाकाऊ वस्तूंच्या राहणीवर एक लेख छापला. त्यासोबतच्या चित्रात एक कुटुंब थाळ्या, पेले व काटे-चमचे हर्षाने हवेत उधळीत आहे. गृहिणीची धुण्याघासण्यातून सुटका झाली, हा त्याचा आशय. त्यास आज हसणे सोपे आहे. परंतु त्या सभेत मागे बसलेल्या बाईंचा प्रश्न आठवला म्हणजे हसू आवरते. धुणाऱ्या हातांस विश्रांती हवी होती, हे असत्य नव्हते. ती विश्रांती ज्या पदार्थाने दिली तो पदार्थ मात्र कुजणारा नव्हता.

आपल्याकडे हा पदार्थ थर्मोकोल व प्लॅस्टिक या रूपांनी लग्नमंडपांत आला. पत्रावळीच्या जागी चंदेरी मुलामा दिलेली थाळी आली, द्रोणाच्या जागी प्लॅस्टिकची वाटी आली. वापरण्याची सवय मात्र पानाचीच राहिली. जेवण झाले की उचलावे आणि देवळामागे टाकावे. गुरे खातील, पाऊस कुजवील. शेकडो वर्षे ही सवय निर्दोष होती, कारण वस्तू निर्दोष होती. वस्तू बदलली आणि सवय तशीच राहिली, यात सगळा अनर्थ आहे. त्या ओहोळात जे वाहत गेले, ते या विसंगतीचे फळ होय.

कायद्याने या गोष्टीची दखल घेतली, पण हळूहळू. राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने ५१-अ हे कलम आले; निसर्गाचे रक्षण करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य होय, असे त्यात सांगितले आहे. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम झाला. गोव्याने १९९६ मध्ये न कुजणाऱ्या कचऱ्याच्या नियंत्रणाचा स्वतंत्र अधिनियम केला. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या थाळ्या-पेल्यांवर बंदी घातली. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती करून १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या थाळ्या, पेले, चमचे व नळ्या यांस देशभर मनाई केली.

आता त्या कागदी थाळीकडे वळू. नुसत्या कागदावर आमटी वाढली तर ती झिरपते. म्हणून कागदी पेल्यांस व पुष्कळ थाळ्यांस आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा लावलेला असतो. खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०२० मध्ये असे दाखविले की, अशा कागदी पेल्यात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवले तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. तमिळनाडूने २०१९ पासून अशा पेल्यांवरही बंदी घातली. उत्पादकांनी तीस आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये पेल्यांवरील बंदी उचलून धरली. तेव्हा त्या देवस्थानाची थाळी निषिद्ध नव्हती, हे समितीचे म्हणणे कदाचित खरे असेल. आणि कागदच असता तर कुजला असता, हे कुळागरवाल्याचे म्हणणेही तितकेच खरे. जे कायद्याने निषिद्ध नाही ते निर्दोष असतेच असे नाही, हे वकिलाने सांगितले तर वाचकांनी नवल मानू नये.

मग धुण्याच्या पात्राचा पक्ष आपोआप सिद्ध होतो काय? नाही. येथे हिशेब करावा लागतो. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ मध्ये पेल्यांच्या ऊर्जेचा हिशेब मांडला. चिनी मातीचा पेला घडविण्यास व प्रत्येक वेळी धुण्यास लागणारी ऊर्जा धरली, तर कागदी पेल्याशी बरोबरी होण्यास तो ३९ वेळा वापरावा लागतो. फुगविलेल्या पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे आपल्या थर्मोकोलच्या, पेल्याशी बरोबरी होण्यास १,००६ वेळा. हे आकडे ऐकून कोणी म्हणेल की, थर्मोकोलच बरे. पण हा हिशेब केवळ ऊर्जेचा होता. ओहोळात काय साचते, याचा नव्हता. शिवाय त्यात धुणे होते ते गरम पाण्याच्या यंत्रातले. दहा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.४ युनिट वीज लागते. आपल्या घरांत ताटे बहुधा गार पाण्यानेच धुतली जातात. हा खर्च आपल्या पारड्यात पडतच नाही.

घरचा हिशेब तर अगदी उघड आहे. पाच माणसांचे कुटुंब दोन वेळा जेवते, म्हणजे रोज १० थाळ्या, वर्षास ३,६५० व दहा वर्षांत ३६,५००. त्याऐवजी पाच पोलादी ताटे पुरतात. एक ताट रोज दोन वेळा तीस वर्षे वापरले तर २१,९०० जेवणे होतात. ते घडविण्याचा भार इतक्या जेवणांवर वाटला म्हणजे नगण्य होतो. उरते ते पाणी. नळ मिनिटास आठ लिटर वाहतो असे धरले व एका ताटास अर्धा मिनिट तो उघडा ठेवला, तर चार लिटर गेले. तेच ताट आधी खरकटे निपटून काढून, घासून, बादलीत बुचकळले तर लिटरभरात भागते. म्हणजे घरात ताटाचा दोष ताटात नसून नळाच्या चावीत आहे. रोजच्या जेवणास टाकाऊ थाळी वापरण्याचे समर्थन आम्हांस कोठेही सापडले नाही. आजारीपण किंवा पाण्याचे दुर्भिक्ष हे अपवाद होत.

समाराधनेचा हिशेब इतका सरळ नाही. पाचशे पाने उठली, प्रत्येकास एक थाळी, दोन वाट्या व एक पेला, म्हणजे एका जेवणास २,००० नग कचरा. उलट पाचशे ताटे वाहत्या नळाखाली धुतली तर २,००० लिटर पाणी. बादलीने धुतली तर ५०० लिटर. गोव्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, तरी वैशाखात डोंगरउतारावरच्या विहिरी तळ गाठतात आणि उत्सव तर नेमके त्याच दिवसांत येतात. यास्तव समारंभास पान, ही जुनी विभागणी आजही अडाणीपणाची ठरत नाही. मात्र दोन अटींवर. पान जवळचे असावे. आणि ते मातीस परत मिळावे. पत्रावळी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंबून मिश्र कचऱ्याच्या ढिगात पुरल्या, तर हवेवाचून कुजताना त्यांतून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक आहे. पान पवित्र असले तरी त्यास खड्डा लागतो, आणि तो खड्डा उघडा व हवेशीर असावा लागतो.

पान वनातून आणावयाचे तर ते आणणाऱ्यांचाही विचार हवा. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने वननिवासींस गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आहे. त्यांच्याकडून रास्त दराने पत्रावळी घेणे हा उपकार नव्हे; तो व्यवहार आहे व तो चोख असावा.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. पत्रावळीस उष्ट्याचा दोष नाही, हा तिचा गुण आम्ही वर सांगितला. त्याच गुणाची दुसरी बाजू अशी की, ज्याच्या स्पर्शाचे पात्र आपणांस नको होते, त्यास पान देणे सोयीचे होते. कोणाची पंगत कोठे, कोणास ताट व कोणास पान, आणि उष्टी पाने कोणी उचलावयाची, हे सारे जन्मावरून ठरत असे. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. म्हणून आज जो पत्रावळीचा पुरस्कार करतो, त्याने ती मातीसाठी करावा, विटाळासाठी करू नये. आणि एकाच पंगतीत सर्वांस एकच पात्र असावे. राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने स्वतः उष्ट्या पत्रावळी उचलल्या, ही कथा आपण कीर्तनांत भक्तिभावाने ऐकतो. तिचा अर्थ मात्र मंडपातच ठेवून येतो.

हे सर्व आम्ही त्या देवस्थानाच्या दुसऱ्या सभेत मांडले. चर्चा लांबली. सोवळ्याचा मुद्दा निघाला. सामाईक ताटात जेवणे काहींस रुचेना. त्यांस आम्ही एवढेच निदर्शनास आणले की, धातूचे पात्र धुतल्याने शुद्ध होते, हे आमचे मत नसून स्मृतिकारांचे आहे. खर्चाचा मुद्दा निघाला. तेव्हा कोठीची किल्ली मागविण्यात आली. पूर्वी गावच्या लग्नकार्यांस देवस्थानची भांडी नाममात्र भाड्याने देत. त्यांपैकी पातेली, पंचपात्रे व बरेचसे पेले तेथे धूळ खात पडलेले निघाले.

ठराव झाला तो असा: मुख्य दिवशी केळीची पाने व गावात लावलेल्या पत्रावळी, पेले व वाट्या देवस्थानच्या, पोलादी, पाने कमी पडतील तेथे ताटे. पानांसाठी देवळामागे, परंतु ओहोळापासून दूर, खड्डा. आणि बाईंच्या प्रश्नाचे उत्तर ठरावाच्या शेवटच्या कलमात आले. प्रत्येक जेवणाऱ्याने आपले पान वा ताट स्वतः उचलावे. धुण्याची पाळी घरवार लावावी व त्या पाळीत घरातील पुरुषानेही उभे राहावे. हे कलम एकमताने संमत झाले नाही. तीन मतांनी झाले.

या वर्षी ते अमलात आले. पत्रावळी अंदाजापेक्षा कमी लागल्या, वाट्या अपुऱ्या पडल्या, दोन घरांनी पाळी चुकविली. धुण्याच्या ठिकाणी एकाने नळ उघडाच ठेवला होता. तो दुसऱ्याने बंद केला. मृग लागल्यावर आम्ही मुद्दाम त्या ओहोळाकडे जाऊन आलो. मागच्या वर्षीच्या काही थाळ्या दगडांखाली अजून होत्या. त्यांचा कागद गेला होता, पापुद्रा राहिला होता. या वर्षीचे तेथे काही नव्हते. पाट मोकळा वाहत होता आणि कुळागराचा मालक खोरे घेऊन आपल्या पोफळींस पाणी वळवीत होता. त्याने आम्हांस पाहून हात जोडले व पुन्हा कामास लागला.